गावाकडचे

तात्यासाहेबांनी विचारलं तेव्हा भानुमतीच्या हातात अजून छत्री होती. पुढं कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, की छत्री मिटायला थोडा जास्त वेळ लागला असता तर ते वाक्य आपल्या तोंडून गेलंच नसतं. एप्रिलातली दुपार कलत आली होती. परीक्षेचं काम उरकून ती शाळेतून येत होती, आणि खडकेश्वराच्या देवळाच्या बाजूनं गल्लीत वळते न वळते तोच मागून टांगा थांबला. टांग्यातून मोठ्या बाई, म्हणजे तिच्या मुख्याध्यापिका इंदुताई उतरल्या आणि त्यांच्या मागोमाग संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब. गंगापूरकडचे मोठे जमीनदार. मुलींची शाळा त्यांच्याच जागेत आणि बरीचशी त्यांच्याच जोरावर चालली होती. थोरल्या नातीचं लग्न ठरलं होतं, शाळेतल्या बायांना स्वतः जाऊन बोलवायचं असा त्यांचा हट्ट. सुट्टीनंतर भानुमतीला कायम करायचं की नाही हेही त्यांच्याच हातात होतं, आणि ते तिच्या मनातून क्षणभरही जात नव्हतं. तिनं कडी वाजवली. दार आतून उघडलं. तिचा नवरा लक्ष्मण उघड्या अंगानं, कमरेला पंचा, खांद्यावर त्यांची उमा. उमाच्या हनुवटीवरून वरणाचं पाणी ओघळलेलं, त्याच्या दंडावर गुरगुट्या भाताची शितं वाळून चिकटलेली, हातात बोंडलं. तात्यासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि मनात काही न धरता सहज विचारलं, "लेकराला बघायला मानूस ठेवलाय का, बाई?"

"हो," ती म्हणाली. "गावाकडचे आहेत."

आहेत. खोटं बोलतानाही जिभेला ‘आहे’ म्हणवलं नाही. सहा वर्षांच्या संसाराची सवय जिभेला होती, मनाला नव्हती, असं तिला नंतर वाटलं. त्या वेळी मात्र तिला फक्त कानशिलं तापल्याची जाणीव झाली आणि लक्ष्मणनं पुढं होऊन तिच्या हातातली छत्री घेतल्याची. तो रोजच घ्यायचा. आज त्यानं ती घेऊन खुंटीला अडकवली तेव्हा तेच करणं गड्याचं झालं. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. उमाला झोळीत ठेवून तो आत गेला, सदरा घालून आला, पाण्याचे पेले पाहुण्यांपुढं ठेवले आणि चहाचं आधण ठेवायला पुन्हा आत गेला. तात्यासाहेब लग्नाविषयी बोलत होते. भानुमती माना डोलावत होती आणि आतल्या स्टोव्हचा आवाज ऐकत होती. चहा आणून लक्ष्मण भिंतीशी उभा राहिला, कपबशा न्यायला. तेव्हा तात्यासाहेबांनी आपुलकीनं विचारलं, कुठले तुम्ही. कन्नडचा, तो म्हणाला. घरी कोण कोण, असं विचारल्यावर तो किंचित थांबला. "मुलगी आहे एक," तो म्हणाला.

"तरीच. ज्याला सोताचं लेकरू हाय, त्यालाच जमतंय हे."

इंदुताई झोळीकडं बघत होत्या. पाहुणे गेले, टांग्याची चाकं गल्लीच्या टोकाला गेली, तरी भानुमती दारातच उभी होती. तिला वाटलं, आता तो बोलेल, ओरडेल, निदान विचारेल. लक्ष्मण कपबशा विसळत होता. "तात्यासाहेबांना टवका उडालेली बशी गेली," तो म्हणाला, "माझ्या ध्यानातच आलं नाही." एवढंच. मग उमाला उठवून त्यानं राहिलेला भात भरवला. तिच्या गालाला बोट लावलं की ती हसून तोंड उघडते, तेव्हा घास आत सारायचा, ही त्या दोघांची रीत होती. भानुमती पाटावर बसून बघत राहिली. उठून मुलीला घ्यावं असं वाटत होतं आणि आपले हात लावायला नकोत असंही.

हे असं कुणी ठरवलं नव्हतं. लक्ष्मण शिकला तो निजामाच्या राज्यात, सगळं उर्दूतून. त्याचं अक्षर असं की कचेरीतले म्हातारे मौलवी कागद उजेडाला धरून बघत. तालुक्याच्या कचेरीत तो लागला आणि पुढच्याच पावसाळ्यात पोलीस ॲक्शन झालं. सगळे आनंदले, तोही आनंदला. कन्नडला चौकात तिरंगा लागला तेव्हा दोरी धरणाऱ्यांत तो होता. ज्या राज्याच्या जाण्यानं तो नाचला, त्याबरोबर आपलं अक्षरही जातंय हे कळायला त्याला काही वर्षं लागली. कचेरीत आधी इंग्रजी आली, मग मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर मराठी. मराठी त्याची घरचीच, पण मोडी येत नव्हती, आणि बाळबोध लिहिताना पोरासारखी अक्षरं मोडत. उजवीकडून डावीकडं सरावलेला हात उलटा चालेना. कचेरीतली नोकरी सुटली. एका वकिलाकडं जुने उर्दू कागद वाचून सांगायचं काम मिळालं होतं. वकिलांनी मुंबईचा रस्ता धरला तेव्हा तेही संपलं. त्याच महिन्यात उमा झाली. भानुमतीची शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा उमा अगदी तान्ही होती. सुरुवातीला वर्गात शिकवताना छाती ओली व्हायची. ती पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून फळ्याकडं तोंड करून लिहीत राहायची. मग एक दिवस छाती कोरडीच राहिली. बोंडल्यातून गाईचं दूध, मग वरणाचं पाणी, मग भात. लक्ष्मण ते सगळं करत गेला, आणि ती सकाळी दार ओढून बाहेर पडत गेली. बाहेर पडताना बरं वाटायचं हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. शिक्षिकांच्या खोलीत कुणी मिस्टरांचं विचारलं की ती म्हणायची, वकिलांकडं लिहिण्याचं काम बघतात. तात्यासाहेबांनाही यंदाच्या मुलाखतीत तिनं हेच सांगितलं होतं. म्हणजे परवाचं खोटं काही पहिलं नव्हतं. पहिल्यांदा ते त्याच्या तोंडावर बोललं गेलं, एवढंच.

रविवारी ती मागच्या खिडकीशी पेपर तपासायला बसली. परसात डाळिंबाचं झुडूप होतं आणि त्यात बुलबुलांनी वाटीएवढं घरटं केलं होतं. ते आधी लक्ष्मणला दिसलं होतं, दुपटी वाळत घालताना. तेव्हापासून त्यानं दोरी भिंतीच्या पलीकडच्या बाजूला बांधली आणि तिलाही सांगितलं, की तिकडं धुणं झटकू नकोस. तिनं बरं म्हटलं आणि विसरून गेली. आज पेपरात लक्ष लागेना म्हणून ती बघत बसली. घरट्याच्या काठावर उघड्या चोची दिसत होत्या, आत तांबूस-गुलाबी. एक पाखरू हिरवी अळी घेऊन आलं, एका चोचीत कोंबली, मग वाकून पिलाच्या मागची विष्ठेची पांढरी गुठळी उचलली आणि ती चोचीत धरून लांब कुठंतरी टाकायला गेलं. तेवढ्यात दुसरं आलं. ते आधीपासूनच भिंतीवर वाट बघत बसलं होतं, चोचीत काहीतरी पंखांचं फडफडतं घेऊन. पहिलं उडाल्यावरच ते झुडपात शिरलं. मग पहिलं परत. नवऱ्यानं बायकोला बोलवावं तसं काही नव्हतं, कुणी कुणाला हाकही मारत नव्हतं. एक हललं की दुसऱ्याची पाळी. भानुमती यातली आई कुठली ते शोधत राहिली. ज्याचा तुरा विस्कटलेला होता ती आई, असं तिनं धरलं, कारण ते पाखरू थकलेलं दिसत होतं. थोड्या वेळानं वारं सुटलं तर दोघांचेही तुरे विस्कटलेले. दोघंही काळ्या डोक्याची, दोघांच्याही शेपटीखाली तोच लाल ठिपका. तिला उगीचच राग आला. आई कळायला हवी, असं वाटलं.

लक्ष्मण उमाला कडेवर घेऊन मागं येऊन उभा होता. तिनं न वळता विचारलं, यातली आई कुठली.

"मला नाही ओळखू येत," तो म्हणाला. "पिलांनाही येत नसेल. जे येईल त्याच्यापुढं तोंड उघडतात."

बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या क्षणी वळून म्हणायला हवं होतं, परवा माझ्याकडून झालं ते. ती वळलीही, आणि साळूबाई, म्हणजे शेजारच्या काकू, भिंतीवरून डोकावून बादली मागायला लागल्या. भानुमतीनं पाहिलं, लक्ष्मण आतल्या खोलीत सरकला होता. उमाला घेऊनच. पूर्वी तो साळूबाईंशी भिंतीपाशी उभा राहून पोटदुखीवर ओवा बरा की बाळंतशेपा, यावर बोलत असे. बादली देऊन ती परत बसली तेव्हा पाखरं तशीच येत-जात होती आणि तिला अण्णांची आठवण झाली. तिचे वडील. पिशोरच्या शाळेत मास्तर.

पोलीस ॲक्शनच्या आधीचा पावसाळा. रझाकारांच्या धास्तीनं पिशोरची काही घरं एकत्र निघाली, कन्नडवरून घाट उतरून चाळीसगावकडं, तिथं निजामाची हद्द संपत होती. बैलगाड्या बन्सी गाडीवानाच्या. आईला ताप चढलेला, ग्लानीत पडून होती. भानुमतीचा धाकटा भाऊ सदाशिव जेमतेम काही महिन्यांचा. घाटाच्या माथ्यावर गाड्या थांबल्या, तेव्हा भानुमतीनं भावाला अण्णांच्या हातात दिलं आणि बायकांबरोबर झऱ्यावर पाण्याला गेली. परत आली तर सदाशिव गाडीतल्या कडब्यावर पडून रडत होता. रडून रडून आवाज फाटला होता. आणि अण्णा दूर उभे होते, हात पाठीशी बांधून, घाटाखालचं धुकं बघत. त्यांचे थोरले चुलते गाडीशी येऊन बसले होते. वडीलधाऱ्यांसमोर पुरुषानं आपलं लेकरू हातात घ्यायचं नाही, ही रीत. म्हणून त्यांनी खाली ठेवलं. मरणाच्या वाटेवरही त्यांना ती रीत आठवली. बन्सी तेवढा गाडीवर चढून धोतराचा सोगा गुळाच्या पाण्यात बुडवत होता आणि पोराच्या तोंडात पिळत होता. "चोख रं, राजा," असं काहीसं म्हणत होता. अण्णा त्यानंतर कित्येक वर्षं ही हकिकत सांगत, बन्सीच्या भलेपणाची म्हणून. त्यात स्वतः कुठं उभे होते हे त्यांना कधी खटकलं नाही. तिला खटकलं. तेव्हापासून ती त्यांच्या ताटाला वाढायची, पाया पडायची, पण त्यांच्याशी मनानं बोलली नाही.

आणि म्हणूनच तर लक्ष्मण. कन्नडला त्याच्या घरी बोलणी व्हायची होती तेव्हा तो बैठकीत आला, तोच बहिणीचं पोर काखेला मारून. पोर रडत होतं. लक्ष्मणच्या आईनं डोळे वटारले, भानुमतीच्या मामांनी घसा खाकरला, तरी त्यानं ते खाली ठेवलं नाही. थोपटत थोपटत बसला आणि मामांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिला. पडद्याआडून भानुमती बघत होती. तिथंच तिचं ठरलं होतं. त्याचं अक्षर, त्याची नोकरी, काही नाही. ते एक खाली न ठेवणं. आणि आता तिनं काय केलं होतं? उत्तरपत्रिकेवर लाल शाईचा ठिपका पसरला होता, कुठल्या मुलीची होती कुणास ठाऊक.

त्या दिवसानंतर लक्ष्मण घरात बदलला असं कुणी म्हणालं नसतं. पाणी तापवणं, भात मऊ करणं, उमाला न्हाऊ घालणं, सगळं तेच. फक्त दार वाजलं की तो आत जायचा. आधी तिला वाटलं योगायोग. मग दूधवाल्या आवडाबाईनं सांगितलं. आवडाबाई बोलायला सैल, ती गल्लीतच भेटली आणि म्हणाली, "दादा दिसत नाय हल्ली. भांडं उंबऱ्यावर ठिवलेलं असतंय. मी आपली ओतून जाते. काही चुकलं का माझं?" भानुमतीनं नाही म्हटलं. घरी येऊन एकदा तिनं धीर केला. "त्या दिवशी मी…" एवढं म्हणाली, तर लक्ष्मण म्हणाला, "थांब, दूध उतू जाईल," आणि स्टोव्हकडं वळला. दूध अजून धड तापलंही नव्हतं. तिलाही सुटल्यासारखं वाटलं, हे सगळ्यांत वाईट. माफी मागायची तर ती घेणारा समोर उभा राहायला हवा ना, असं ती स्वतःला सांगायची. पण तो उभा राहिला नाही याचं तिला हायसं वाटे, आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच तिचा हात थांबायचा. तिला घराचं दार दिसायचं, वाजणारं, आणि आतल्या आत सरकणारा तो. हे आपण त्याला शिकवलं. एका वाक्यात.

निकालाच्या आदल्या दिवशी ती दुपारी घरी आली तर दार उघडं. ओसरीवर साळूबाई हातात ओलं फडकं घेऊन बसलेल्या. फडक्यावर रक्त होतं. साळूबाई म्हणाल्या, घाबरू नकोस, लेकरू पडलंय, दादा दवाखान्यात घेऊन गेलेत. भानुमती छत्री न घेताच धावत सुटली. उन्हात गल्लीचे दगड चटके देत होते. एका पायातली चप्पल तुटली, तिनं दुसरीही तिथंच टाकली. दवाखान्याच्या बाकावर लक्ष्मण बसला होता. सदरा उलटा घातलेला, शिवणी बाहेर. मांडीवर उमा झोपलेली, हनुवटीला पांढरी पट्टी, रडून रडून पापण्या सुजलेल्या. डॉक्टरांनी टाके घातले होते. वण राहील म्हणाले होते. भानुमती बाकावर टेकली. तिला विचारायचंही भान नव्हतं. त्यानंच सांगितलं, पुढं कुठंतरी बघत.

"दार वाजलं. मी तिला खाली ठेवलं."

दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवायचं राहिलं म्हणून आवडाबाई ते मागायला आली होती. तो भिंतीआड गेला. ती हाका मारून निघून जाईपर्यंत तिथंच थांबला. तेवढ्यात रांगत रांगत उमा मागच्या दाराशी पोहोचली आणि पायरीवरून खाली, धुण्याच्या दगडावर. त्यानं एवढं सांगितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो रडतोय हे तिला आधी समजलंच नाही, कारण आवाज नव्हता. तिनं त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. बाकावर आणखी माणसं होती, एक म्हातारा खोकत होता, एक बाई बुरखा वर करून त्यांच्याकडं बघत होती. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ठेवला. लोक बघताहेत हे तिच्या मनात आलंच, आणि हात तिथं तसाच ठेवायला तिला जोर लावावा लागला, ही गोष्ट ती पुढं आयुष्यभर विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल लागल्यावर ती इंदुताईंच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. इंदुताईंनी चष्मा काढून पुसला. मला त्याच दिवशी कळलं होतं, त्या म्हणाल्या. परक्याच्या खांद्यावर मूल अशी मान टाकत नाही, आणि कपाळ तर त्यांचंच. मग तुम्ही बोलला का नाहीत, असं भानुमतीनं विचारलं. तुम्ही त्यांचं नातं नाकारलंत, ते परत द्यायचं काम माझं कसं, असं काहीसं त्या म्हणाल्या; रागानं नाही, थकल्यासारखं. तात्यासाहेबांना मात्र काही कळलेलं नाही, त्यांनी टांग्यात म्हटलं होतं, की माणूस मोठा भला आहे, बाईंचं लेकरू मोठं झालं की आपल्या बोर्डिंगात पोरांकडं बघायला ठेवू. हे सांगताना इंदुताईंना हसू आलं आणि लगेच गेलं.

तात्यासाहेबांच्या शहरातल्या घरी मांडव पडत होता. भानुमती ओसरीवर पोहोचली तेव्हा ते माणसांना दोऱ्या कुठं बांधायच्या ते सांगत होते. तिनं बाजूला बोलावून सांगितलं. जे पाठ करून आली होती ते सगळं विसरलं. ते माझे मिस्टर आहेत, एवढंच वाक्य नीट आलं. नोकरी जाईल, ती मनात म्हणत होती, जाऊ दे; आणि त्याच वेळी, न जावी, असंही. तात्यासाहेबांनी दोऱ्या बांधणाऱ्यांना हातानंच थांबवलं.

"बाई," ते म्हणाले, "मी त्यांना इचारलं, कुठले तुमी, घरी कोन हाय. त्यांनी खरं सांगितलं. त्या खोलीत खोटं एकट्या तुमीच बोल्लात."

मग ते म्हणाले, लग्नाला दोघं या, लेकराला घेऊन या. नोकरीचं सुट्टीनंतर बघू, आत्ता मला मांडवाचं सुचू द्या. ते परत माणसांकडं वळले. ती रस्त्यावर आली. हलकं वाटायला हवं होतं. गुलमंडीवरून चालताना ती स्वतःशी तपासत होती, हलकं वाटतंय का. वाटत नव्हतं. परक्या माणसापुढं खरं बोलणं इतकं सोपं निघालं, की तिला आपली आणखीच शरम वाटली. त्या एका वाक्याची भीती बाळगून आपण घरात एवढी उलथापालथ करून टाकली.

घरी आली तेव्हा संध्याकाळ होत होती. परसात लक्ष्मण पायरीवर बसला होता, उमा मांडीवर, तिच्या पट्टीवरून हात फिरवत. डाळिंबातलं घरटं रिकामं झालं होतं. पिलं भिंतीच्या कडेला बसली होती, आखूड शेपट्यांची, आपल्याला उडता येतं हे न पटल्यासारखी. ती घरट्याबाहेर आली होती तरी दोन्ही पाखरं अजून त्यांना आणून भरवत होती. आता फक्त थोडं लांब बसून, म्हणजे पिलांना दोन उड्या माराव्या लागत. भानुमती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. तिनं सांगितलं, इंदुताईंना सांगितलं, तात्यासाहेबांना सांगितलं, ते काय म्हणाले तेही. मग म्हणाली, "माझं चुकलं. तुम्हाला मी सगळ्यांपुढं गडी केलं."

उमा त्याचं बोट धरून चोखत होती.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "गडी म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं. पण थोडं बरंही वाटलं. ते विचारत होते, कुठले तुम्ही, घरी कोण. लेकराचं तुम्हालाच जमतं म्हणाले. वकिलांकडचं काम गेल्यापासून मला असं कुणी काही म्हणालं नव्हतं. गड्याला कुणी विचारत नाही की तू काय करतोस. तो करतोय ते दिसतंच." त्यानं उमाला मांडीवर सावरलं. "तू शाळेतून आलीस की रोज एकच विचारतेस. आज कुठं काही कामाचं कळलं का. मी नाही म्हणतो. तू आत जातेस."

भानुमतीला काहीतरी म्हणायचं होतं, की मी तसं मुद्दाम नाही विचारलं, काळजीनं विचारलं, एकटीच्या पगारावर कसं होणार म्हणून विचारलं. सगळं खरं होतं. ती ज्याची माफी मागायला आली होती ते एका दुपारचं होतं. तो सांगत होता ते रोजचं होतं, आणि त्यात तिनं एकही शब्द खोटा बोलला नव्हता. तिला इतके महिने उंबऱ्यात उभी असलेली ती स्वतः दिसली, चप्पल काढता काढता विचारणारी, आणि उत्तर यायच्या आत वळलेली. तिनं हात पुढं केले. उमा आधी तिच्याकडं बघत राहिली, मग आली, पण एका मुठीत लक्ष्मणचं बोट तसंच धरून. त्यामुळं त्याला सरकून अगदी जवळ बसावं लागलं. भानुमतीला मुलीचं वजन ओळखीचं वाटलं नाही. एवढी जड कधी झाली?

"आज काय खाल्लं तिनं?" तिनं विचारलं. विचारताना आवाज बारीक झाला, नवख्या माणसासारखा.

लक्ष्मणनं तिच्याकडं पाहिलं. खरंच विचारतेय की काय, ते बघावं तसं. मग तो सांगू लागला. हनुवटी दुखते म्हणून सकाळी तिनं भात तोंडात घेतला नाही, थुंकला. मग त्यानं मुगाचं वरण अगदी पातळ केलं आणि चमच्यानं नाही, बोटानं दिलं. मीठ जरा कमी टाकलं, कारण टाक्यांना झोंबतं. दुपारी साळूबाईंनी साय दिली होती, ती आवडली. केळं मात्र चालत नाही, अगदी पहिल्यापासून, वासच नको म्हणते, तोंड फिरवते, तुला ठाऊक नसेल. आणि मागच्या थंडीत एकदा, दात यायच्या आधी, असं झालं होतं की… तो सांगत राहिला. भानुमती ऐकत होती. मधे काही विचारायची तिची हिंमत झाली नाही, आणि अंधार पडायला लागला तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं.